तुटक्या रेघेची पाणपाल

गुलअंदाम तंगबीदला आली की गावातली कुत्रीसुद्धा वेगळी भुंकतात, असं फरामर्ज म्हणायचा, आणि म्हणताना बाजूला थुंकायचा. त्या दिवशी ती सकाळीच आली. मोटार पुलापाशी सोडली, पांढरं घमेलं काखेत मारलं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि कुणालाही सलाम न करता झऱ्याची वाट धरली. सलाम तरी कुणाला करायचा? वाटेवरच्या प्रत्येक दारात तिचं कुणी ना कुणी नात्याचं उभं होतं, आणि एकाच्याही तोंडून "ये, चहा घे" निघालं नाही. आम्हा लुरांच्या, इराणच्या या डोंगरी लोकांच्या, गावात चहा न विचारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच. तिने ती खाल्ली आणि पुढे चालत राहिली.

तिचं आणि गावाचं बिनसलं होतं ते काही आजकालचं नव्हे. ती जन्मली तेव्हा सुइणीने तिची नाळ फरामर्जचं नाव घेऊन कापली होती. फरामर्ज म्हणजे तिच्या सख्ख्या काकाचा मुलगा. नाळ कापताना ज्याचं नाव घेतलं त्याच्याच घरी मुलगी जायची, त्यात पुढे कुणी काही विचारायचं नसतं. अठराव्या वर्षी ही बया भर अंगणात उभी राहून म्हणाली, "नाळ माझी होती, मला कुणी विचारलं होतं?" आणि खुर्रमाबादच्या विद्यापीठात निघून गेली. त्यालाही आता वीस वर्षं झाली. तिचा बाप त्या धक्क्याने खचला, काकाने मरेपर्यंत भावाचं तोंड पाहिलं नाही. फरामर्जचं लग्न झालं, तीन लेकरं झाली, तो गावच्या पंचायतीचा प्रमुख झाला, तरी गुलअंदामचं नाव निघालं की त्याच्या अंगाचा अजून तिळपापड व्हायचा.

आणि तिचाही व्हायचा, हे सांगायला हवं. ती काही गरीब गाय नव्हती. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि मनात माफीला जागा नव्हती. विद्यापीठातले सहकारी तिला पाठीमागे "मिरची" म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं. तिला ते आवडायचं.

झरा गावाच्या डोक्यावर, ओकच्या रानात. खडकातून पाणी येतं, खाली डोह भरतो, आणि त्या डोहात ते जनावर राहतं ज्याच्यापायी हे सगळं चाललं होतं. शास्त्राच्या पुस्तकात ते न्यूट. गावात पाणपाल. बोटभर लांबीचं, काळ्यावर पांढरे ठिपके, पोट आणि पाय नारिंगी, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली एक नारिंगी रेघ. उन्हाळ्यात डोह आटला की पाणपाली दगडांखाली, मुळांखाली शिरून निपचित पडतात आणि पाऊस झाला की परत पाण्यात येतात. आमच्या डोंगरांच्या चार-दोन झऱ्यांत मिळतं, बाकी साऱ्या जगात कुठेही नाही.

गुलअंदाम वर पोहोचली तेव्हा चर जवळजवळ पुरा झाला होता. खालच्या सडकेपाशी फरामर्जने मासे पाळायचे हौद बांधले होते. तिथून वर, पार डोहाच्या काठापर्यंत, कमरेइतका खोल चर आणि त्यात काळा नळ. शेवटचं हातभर अंतर तेवढं खणायचं राहिलं होतं. ते खणलं की डोहाचं सगळं पाणी नळात, आणि नळातून हौदात.

ओकच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर प्रोफेसर मुईनी बसले होते. तेहरानचे मोठे गृहस्थ, सरड्यांवरचे तज्ज्ञ, एकेकाळचे गुलअंदामचे गुरू. पर्यावरण खात्याने पाणपालींची मोजदाद त्यांच्याकडे सोपवली होती. तीन वसंत ते इथे आले आणि त्यांनी सांगितलं की या डोहात पाणपाली हजाराच्या घरात आहेत, पाणी थोडं वळवलं तर काही बिघडत नाही. आज ते शेवटची पाहणी करून होकार द्यायला आले होते. फरामर्ज स्वतः त्यांच्यासमोर चहाचा पेला धरून उभा होता.

"आली!" फरामर्ज ओरडला. "डॉक्टरसाहेब, चष्मा पुसून घ्या. पालींची आई आली."

चराभोवतीचे गडी हसले. खाली, जिथे डोहाचं पाणी ओहोळ होऊन उतरतं, तिथे गावातल्या बायका लोकर धूत होत्या. मेंढ्यांची कातरणी नुकतीच झाली होती. दांडक्यांनी ओली लोकर बडवण्याचा आवाज एकदम थांबला. त्यांच्या पुढे, पाण्यात पाय सोडून, किश्वर काकी बसली होती, फरामर्जची आई. तिने एकदा वर पाहिलं, गुलअंदाम दिसल्यावर तोंड फिरवलं आणि दांडकं पुन्हा असं हाणलं की पाणी दोन्ही बाजूंना उडालं.

"सलाम, डॉक्टर," गुलअंदाम म्हणाली. प्रोफेसरांना तेवढा केला.

"खानम, तुम्ही इतक्या लांब कशाला तसदी घेतलीत," मुईनी म्हणाले. आवाज लोण्यासारखा, डोळे मात्र थंडगार. "तुमची पत्रं मिळाली मला. सगळी वाचली."

"वाचलीत तर उत्तर का दिलं नाहीत?"

"उत्तर द्यावं असं त्यात काही नव्हतं."

"होतं. फक्त तुम्हाला देता येत नव्हतं."

"बघा, बघा," फरामर्ज गड्यांकडे वळून म्हणाला, "गुरूशी कशी बोलते! काकाशी अशीच बोलली होती. हिच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्मायचाय."

"जन्मायचाय ना? मग तू कशाला दमतोस?" गुलअंदाम म्हणाली आणि घमेलं डोहाच्या काठावर आपटलं.

आता ती कशासाठी आली होती ते नीट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मुईनींनी पाणपाली मोजल्या त्या अशा. पहिल्या वसंतात जेवढ्या सापडल्या तेवढ्यांच्या पायाचं एक-एक बोट कात्रीने कापलं आणि परत सोडल्या. दुसऱ्या वसंतात पुन्हा पकडल्या. बोट तुटलेलं दिसलं तर ही जुनी, बोटं शाबूत दिसली तर ही नवी. नव्या फार निघाल्या, म्हणजे डोहात कायच्या काय पाली असणार, असा हिशेब. तिसऱ्या वसंतात तेच. सरड्यांचं असंच मोजतात, आणि सरड्यांपुरतं ते बरोबरही आहे. सरड्याची शेपटी उगवते, पण बोट गेलं की गेलं.

पण ही पाणपाल! हिचं बोट कापा, पाय कापा, डोळ्यातलं भिंग काढून घ्या, हिच्या काळजाचा तुकडा काढा, ही पुन्हा बनवते. गुलअंदामने उमेदीची सारी वर्षं याच कामात घातली होती. प्रयोगशाळेतल्या टाकीत तिने शेकडो वेळा ते पाहिलं होतं. आधी जखमेवर पातळ कातडं चढतं, मग त्याखाली एक गाठ येते, त्या गाठीतल्या पेशी आपण आधी काय होतो ते विसरून जातात, आणि मग हळूहळू त्यातूनच हाड, स्नायू, कातडी सगळं नव्याने उभं राहतं. वर्षभरात बोट पुरं होतं. थोडं आखूड, रंगाने थोडं फिकट, पण पुरं. म्हणजे मुईनींनी दुसऱ्या वर्षी ज्यांना नव्या म्हटलं त्या जुन्याच होत्या. तेच जनावर तीनदा पकडून त्यांनी तीन जनावरं मोजली होती. तिच्या अंदाजाने डोहात दीडशेही पाणपाली नव्हत्या. हे तिने पत्रांतून लिहिलं, आणि मुईनी सगळीकडे सांगत सुटले की प्रयोगशाळेतल्या गरम टाकीत होत असेल, डोंगरातल्या गार पाण्यात नुसता खुंट राहतो. मोठ्या माणसाचा शब्द. खात्याने तोच धरला.

ती पाण्यात उतरली. डोहाच्या कडेला एक विलोचं झाड आहे, त्याच्या मुळाशी चपटा दगड. तिने हात ओले केले, कोपरापर्यंत दगडाखाली घातले आणि सावकाश चाचपू लागली. एक पाणपाल निघाली, ती तिने पाहून सोडून दिली. दुसरी निघाली, तीही सोडली.

"काय शोधतेयस? नवरा?" फरामर्जने विचारलं. गडी पोट धरून हसले.

"नवरा दगडाखाली मिळाला तर तुझ्यासारखाच निघायचा," ती मान वर न करता म्हणाली. आता बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं. किश्वर काकीने वळून पाहिलं तशी ती गप्प झाली.

मग तिचा हात थांबला. ओंजळ पाण्यातून वर आली आणि घमेल्यात रिकामी झाली.

"फरामर्ज," ती म्हणाली, "इकडे ये. हिला ओळखतोस का बघ."

तो आला, वाकला आणि खो खो हसत सुटला. घमेल्यातल्या पाणपालीच्या पाठीवरची नारिंगी रेघ डोक्यापासून निघाली होती आणि पाठीच्या मध्यावर तुटली होती. पुढे नुसतं काळं-पांढरं.

"न ओळखायला काय झालं? अरे, या रे सगळे! ही तर गुलअंदाम!"

यात हसण्यासारखं काय, तर दोन वसंतांपूर्वी हीच पाणपाल फरामर्जच्या हाती लागली होती. ती तुटकी रेघ पाहून तो साऱ्या गावादेखत म्हणाला होता, "हिचं नाव गुलअंदाम. बघा, निघाली तर सरळ होती, अर्ध्यात तुटली." ते नाव चिकटलं. मुईनींनी तिचं बोट कापलं तेव्हाही तो म्हणाला होता, "छान! हे कुणीतरी वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं." हे सगळं नातेवाइकांनी तिला फोन करकरून पोहोचवलं होतं, नातेवाईक असतात कशाला? त्या रात्री ती जेवली नव्हती. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, मी सांगतो.

"नक्की हीच?" तिने विचारलं. "दुसरी कुठली नाही?"

"अगं, अशी रेघ साऱ्या झऱ्यात एकच! शेंबड्या पोरालाही विचार. काय रे?"

"हीच, हीच," गडी म्हणाले. "हीच गुलअंदाम!"

"डॉक्टर, तुम्हीही बघा. तुम्हाला आठवते?"

मुईनी खुर्चीवरून उठून आले, चष्मा कपाळावर चढवला. "आठवते तर. फारच वेगळा नमुना. फरामर्जखानांनी धरली होती आणि मी स्वतः—" ते बोलता बोलता थांबले. माणूस हुशार होता, खड्डा दिसला त्याला. पण पाय आत पडून गेला होता.

"बोला ना. स्वतः काय?"

"अं... निशाणी केली होती."

"पुढच्या डाव्या पायाचं तिसरं बोट कापलं होतंत. सगळ्यांदेखत. फरामर्जने त्यावर विनोद केला होता, तो सगळ्यांना पाठ आहे. हो ना रे? मग आता मोज. पुढच्या पायाला चार बोटं असतात. डाव्या पायाची बोटं मोज, मोठ्याने."

फरामर्जने मोजली नाहीत, पण दिसायला काय मोजावी लागतात? एक गडी वाकून पुटपुटला, "आईशप्पथ, चारही आहेत." तिसरं बोट तेवढं जरा फिकट होतं, आखूड होतं. गुलअंदामने आणखी एक पाणपाल काढली, फिकट बोट दाखवलं. मग आणखी एक. एकीच्या दोन पायांना दोन फिकट बोटं निघाली. कुणीच हसत नव्हतं आता.

"हे तुमचे हजार," ती मुईनींना म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही. "तीच ती बिचारी, दरवर्षी कापायची आणि दरवर्षी नवी म्हणून मोजायची. डोह नळात घातलात तर ही जात संपली. आणि एवढं ठाऊक नसलेला माणूस मला म्हणाला होता की, तुला पाणी कळतं, शास्त्र कळत नाही."

मुईनींचा चेहरा लालबुंद झाला. ते खुर्चीकडे गेले, चहाचा उरलेला घोट घेतला, रुमालाने मिशा पुसल्या. आणि मग वळून शांतपणे जे बोलले त्याची तिने स्वप्नातही कल्पना केली नव्हती.

"खानम, तुमचं म्हणणं मला मान्य आहे."

"काय?"

"मान्य आहे. मोजणी चुकली. पाणपाली फार थोड्या आहेत, अगदीच धोक्यात आहेत. मग अशा दुर्मीळ जनावराला या उघड्या डोहात ठेवणं बरोबर नाही. आज चोरटे पकडतील, उद्या दुष्काळ पडेल. सगळ्या उचलून आमच्या संस्थेच्या टाकीत सुरक्षित ठेवतो. परवाना माझ्याकडे आहेच. तिथे त्यांची पैदास करू."

"आणि डोह?"

"डोहात पाणपाल राहिली नाही तर डोह अडवायचं कारणही राहत नाही," मुईनी म्हणाले आणि गोड हसले.

गुलअंदामच्या पायाखालची जमीनच सरकली. जे सिद्ध करायला ती एवढी झगडली, तेच उचलून त्यांनी तिच्या गळ्याला लावलं होतं. तिने थोड्या आहेत म्हटलं नसतं तर उचलता आल्या असत्या का? "हे संरक्षण नव्हे!" ती किंचाळली. "टाकीत त्या मरतात! अर्ध्या पहिल्याच उन्हाळ्यात मरतात, ह्यांना उन्हाळ्यात कोरडी माती लागते, हीच मुळं लागतात! झरा गेला की मग पाणपाली परत कुठे सोडणार? तुमच्या न्हाणीघरात?"

"डॉक्टरसाहेब बोलले ते बोलले," फरामर्ज म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. "वाचवायच्यात ना तुला? वाचवतो की! आणा रे जाळ्या. बादल्या आणा. एकही सोडू नका. आणि त्या गुलअंदामला आधी घाला बादलीत."

गडी जाळ्या घेऊन पुढे सरकले. ती डोहात एकटी, हातात घमेलं. ओरडून तिचा घसा बसला होता. आणि तेव्हा, विचार करून नव्हे, शास्त्र शिकून तर नव्हेच, तिच्या हातांनी ते केलं जे तिच्या आजीच्या हातांनी केलं असतं. तिने डोक्यावरची ओढणी ओढून काढली आणि त्या गड्यांच्या पायांसमोर टाकली.

आमच्यात पुरुष एकमेकांच्या उरावर बसलेले असोत, बंदुका रोखलेल्या असोत, बाईने डोक्यावरचं वस्त्र मध्ये टाकलं की हात खाली येतात. ते ओलांडायचं नाही. ओलांडणारा माणूस माणसात राहत नाही. गडी जागच्या जागी थांबले. एकाने जाळी पाठीमागे लपवली.

"थांबलात कशाला?" फरामर्ज गरजला.

"खान, ओढणी आहे..."

"कसली ओढणी? कुणाची?" तो पुढे आला. त्याचे डोळे असे झाले होते की त्यात वीस वर्षांचं सगळं दिसत होतं. "ही शहरात ओढणी डोक्यावर ठेवते तरी का? तिथे खांद्यावर, इथे डोक्यावर, आणि अडचण आली की मधे! लाज आमच्या बायकांच्या वस्त्राला असते. हिने नाळ तोडली, घर तोडलं, कुळ तोडलं. ही आपल्यातली नाही. हे नुसतं फडकं आहे!"

आणि त्याने पाय उचलला. बूट चिखलाने माखलेला होता. तो ओढणीवर टेकवला, भार दिला, आणि पलीकडे उतरला.

गुलअंदाम मोकळ्या केसांनी पाण्यात उभी होती. तिला वाटलं, संपलं. झरा संपला, आणि आपण इथल्या होतो तेही संपलं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा तिला भयंकर संताप आला.

"फरामर्ज."

किश्वर काकी चढ चढून वर आली होती. हातातलं दांडकं तसंच, त्यातून पाणी ठिबकत होतं. सत्तरीची बाई, पण चालताना कुणाचा हात धरायची नाही.

"दा, तू मधे येऊ नकोस," तो म्हणाला. आईला आमच्यात दा म्हणतात.

"काय म्हणालास तिला? फडकं?"

"मग काय म्हणू? तूच म्हणत आलीस ना आजवर, ही मेली आपल्याला?"

"मेली म्हटलं. मेलेल्या लेकीच्या वस्त्रावर पाय ठेव म्हटलं होतं? तुझ्या बापाच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे ती. तुझ्या नावाने तिची नाळ मी कापवली, माझ्या मांडीवर. तिने माझं नाक कापलं, ते माझं आणि तिचं. त्यात तुझा बूट कुठून आला?"

"दा, पाणी—"

"पाणी गेलं खड्ड्यात!" आणि म्हातारीने दोन्ही हात डोक्याला नेले. लुर बायका डोक्याला गुंडाळतात ती काळी, फुलांची गुलवनी, नवऱ्याच्या मयतालासुद्धा तिने सोडली नव्हती ती. तिने पेच उलगडले. एक, दुसरा. आतले पांढरे विरळ केस उघडे पडले. सगळ्या गावादेखत तिने ती गुलवनी डोहात, मुलाच्या आणि पाणपालींच्या मधे, भिरकावली. कापड पाण्यावर पसरलं आणि हळूहळू बसू लागलं.

"तिचं फडकं ना? बरं. मग माझं काय आहे ते सांग. हे पण ओलांड. ओलांड ना! तुझ्या बुटाला सवय झालीय आता."

फरामर्जच्या तोंडचं पाणी पळालं. गड्यांनी जाळ्या टाकल्या आणि झटक्यात पाठी फिरवल्या, उघड्या डोक्याच्या आईकडे कोण बघणार? मुईनी बिचारे तेवढे उभे. "बाई, तुमचा कपडा पाण्यात पडला," म्हणत त्यांनी जाळीचा दांडा पुढे केला, तसे दहा आवाज एकदम त्यांच्या अंगावर गेले, "हात लावू नका!" प्रोफेसर मागे सरकता सरकता स्वतःच्या खुर्चीत पडले.

"दा," फरामर्ज खालमानेने म्हणाला, "उचलतो मी. डोक्यावर घे. लोक बघतायत." वस्त्र उचलून त्याने आईच्या डोक्यावर ठेवलं की त्याने हार मानली, हे त्यालाही ठाऊक होतं. तो वाकला.

"माझी नंतर. आधी तिची."

तो तसाच वाकलेला राहिला. मग वळला. चिखलात रुतलेली ओढणी त्याने उपसली आणि गुलअंदामपुढे धरली, तोंड फिरवून.

"अशी?" म्हातारी म्हणाली. "धू."

गावच्या प्रमुखाने बायकांच्या घाटावर, लोकरीच्या ढिगाशेजारी बसून ती ओढणी धुतली. बायका वर बघत नव्हत्या, पण एकही जण हलली नाही. त्याने पिळली, वर आणली. गुलअंदामने घेतली. दोघांची नजरानजर झाली आणि त्या नजरेत सलोख्याचा लवलेश नव्हता. "मला कुणी मारलं असतं तर बरं" असा चेहरा त्याने केला होता, आणि तिला त्याची दया आली नाही.

"चर बुजवा," किश्वर काकी म्हणाली. "माझी गुलवनी तिथेच राहू दे. चर बुजला की मग उचलायची." आणि ती काठावरच्या दगडावर बसली, उघड्या डोक्याने, गुडघ्यांवर दांडकं आडवं टाकून. गडी पाठमोरे राहूनच फावडी मारू लागले. कुणाची माती नळावर पडत होती, कुणाची दुसऱ्याच्या पायावर.

गुलअंदाम पाण्यातून बाहेर आली. घमेलं तिने विलोच्या मुळाशी तिरकं केलं आणि ती तुटक्या रेघेची पाणपाल सरळ गुलवनीच्या काळ्या कापडाखाली शिरली.

"काकी," ती म्हणाली.

"काकी म्हणू नकोस. तुझ्यासाठी नाही केलं मी."

"माहीत आहे."

"तुला बघितलं की अजून माझं रक्त उकळतं."

"तेही माहीत आहे."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, पायाच्या बुटांपासून ओल्या केसांपर्यंत, पहिल्यांदाच नीट. "त्या पालीचं बोट कापलं तर म्हणे वर्षात उगवतं."

"हो. वर्षभरात."

"माझ्या पोराचं जे तू कापलंस त्याला वीस वर्षं झाली. घर झालं, लेकरं झाली. तरी बघितलंस ना आज काय उगवलंय तिथे?"

गुलअंदामने ओली ओढणी डोक्यावर घेतली. गार पाणी मानेवरून पाठीत उतरत राहिलं, आणि ती तिथेच, काकीपासून हातभर अंतरावर, चर बुजेपर्यंत उभी राहिली. कुणी तिला बस म्हटलं नाही.